शाळेच्या खिडक्या

इंग्लंडात १८७० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि लंडन शहरात स्कूल बोर्डाच्या शाळा उभ्या राहू लागल्या. बोर्डाचे वास्तुशिल्पी ई. आर. रॉब्सन यांचा सारा कटाक्ष प्रकाशावर. लिहिणाऱ्या हाताची सावली अक्षरांवर पडू नये, म्हणून उजेड डावीकडून यावा, असे त्यांचे मत. (डावखुऱ्यांनाही तेव्हा उजव्या हातानेच लिहावयास लावीत!) म्हणून त्या खिडक्या उंच आणि प्रशस्त. पुढे यांतील कित्येक शाळांची घरे झाली. थंडीने कुडकुडणाऱ्या रहिवाशाला जुनी तावदाने नकोशी वाटावीत, हे स्वाभाविकच. परंतु संरक्षित यादीतील इमारतीचे रूप परवानगीवाचून पालटणे हा तेथे गुन्हा आहे. त्यापेक्षा कुजलेले तेवढेच लाकूड बदलून आतून काचेचे दुसरे आवरण लावणे बरे. जड दुहेरी काच पेलण्यासाठी चौकटीच्या नाजूक पट्ट्या रुंद कराव्या लागतात, आणि रॉब्सन यांनी मुलांसाठी मिळविलेला उजेड तेवढाच उणावतो.