हृदयस्नायूवरील वणाचे चित्रण

संस्कृतातील ‘व्रण’ म्हणजे जखम. त्यापासून आलेला मराठी ‘वण’ मात्र जखम भरून आल्यानंतर उरणारी खूण होय. हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्नायूत होणाऱ्या बदलाकडे वैद्यकानेही दीर्घकाळ ‘वण’ म्हणूनच पाहिले. त्यात नवल नाही. शवविच्छेदनात दिसणारी प्रत्येक वस्तू स्थिरच असते.

हृदयरोहिणी अकस्मात बंद झाल्यावरही रोगी जगू शकतो, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ साली दाखवून दिले. जगलेल्या रोग्याच्या हृदयाचे पुढे काय होते, हा प्रश्न तेव्हापासून खरा उभा राहिला. विद्युत्‌हृदयलेखाने स्नायूतील विद्युत्प्रवाह नोंदला जाई. भिंतीचा आकार त्यातून दिसत नसे.

धातूंतील दोष शोधण्यासाठी बनविलेले एक ध्वनियंत्र घेऊन इंगे एडलर व हेलमुथ हर्ट्झ यांनी २९ ऑक्टोबर १९५३ रोजी स्वीडनमधील लुंड येथे हृदयाच्या हालचालींचा पहिला प्रतिध्वनिलेख घेतला. तो एकाच किरणरेषेवरचा होता. हृदयाचा छेद दाखविणारी चित्रे पुढे आली. अशा चित्रांवरून १९७९ साली जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी दाखविले की, काही रोग्यांत झटक्यानंतरच्या थोड्याच दिवसांत मृत भाग पातळ होऊन ताणला जातो व हृदय फुगू लागते. म्हणजे मराठी ‘वण’ येथे अपुरा पडतो. क्रिया संपलेली नसते. या क्रियेला ‘पुनर्रचना’ हे नाव रूढ झाले, ते फारसे सुदैवी नव्हे. पुनर्रचनेत सुधारणेचा ध्वनी आहे. येथे बहुधा बिघाडच असतो.

तथापि, न हलणारा प्रत्येक भाग मृत नसतो. रक्ताच्या तुटवड्यामुळे जिवंत स्नायूही निश्चल राहतो. हा भेद चुंबकीय चित्रणाने स्पष्ट केला. शिरेतून दिलेले गॅडोलिनियमचे द्रव्य जिवंत पेशीत शिरू शकत नाही. फुटलेल्या पेशींत अथवा वणाच्या तंतूंमधील मोकळ्या जागेत ते साचते व तेथून सावकाश निघते. म्हणून सुमारे दहा मिनिटांनी घेतलेल्या चित्रात वण पांढरा, तर जिवंत स्नायू काळा दिसतो.

रेमंड किम, रॉबर्ट जड व सहकाऱ्यांनी २००० साली रक्तपुरवठा पूर्ववत करण्यापूर्वी व नंतर रोग्यांची अशी चित्रे घेतली. नीट आकुंचन न पावणाऱ्या पण पांढरेपणा नसलेल्या ३२९ खंडांपैकी २५६ खंडांचे आकुंचन सुधारले. तीन चतुर्थांशाहून अधिक जाडी पांढरी असलेल्या ५८ खंडांपैकी केवळ एकाचे.