'रन टू द हिल्स' : एका गीताची तीन प्रकाशने

हेवी मेटल संगीताच्या इतिहासात प्रत्यक्ष मैफलीत मुद्रित झालेल्या सिंगलकडे बहुधा जुन्या गीताची पुनर्विक्री म्हणून पाहिले जाते. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडच्या 'रन टू द हिल्स' या गीताचा इतिहास पाहता हे मत अपुरे ठरते.

स्टीव्ह हॅरिस यांनी रचलेले हे गीत फेब्रुवारी १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी व गोरे आक्रमक यांच्यातील संघर्ष त्यात दोन्ही बाजूंनी मांडलेला आहे. ब्रिटनच्या विक्रीक्रमवारीत ते सातव्या स्थानी पोहोचले. त्यातील ड्रमवादन क्लाइव्ह बर यांचे होते. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस ते बँडबाहेर पडले आणि निको मॅकब्रेन त्यांच्या जागी आले. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथील मैफलीतील रूप सिंगल म्हणून निघाले, त्यात मॅकब्रेन यांचेच वादन होते.

पुढे बर यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार जडला. त्यांच्या साहाय्यनिधीसाठी मार्च २००२ मध्ये गीत पुन्हा प्रसिद्ध करण्यात आले. मूळ मुद्रणाबरोबरच रिओ दी जानेरो येथील जानेवारी २००१ च्या मैफलीतील रूपही त्या वेळी देण्यात आले. याच निधीसाठी लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत कार्यक्रमही झाले. बर यांचे २०१३ मध्ये निधन झाले.

तात्पर्य, वीस वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या वादकाच्या साहाय्यासाठी त्याच्या उत्तराधिकाऱ्याचे वादनही उपयोगी आले. अशा प्रकाशनाचे मूल्यमापन केवळ विक्रीच्या आकड्यांवरून करणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने उचित ठरणार नाही.