गाडी रिकामी परतली की भाडं का वाढतं? ट्रक लाईनचे शब्द आणि खर्चाचा हिशोब

कांदा किंवा भाजीपाला घेऊन गाडी वाशी मार्केटला गेली की मालक ड्रायव्हरला फोनवर पहिलं विचारतो, "येताना काही मिळालं का?" परतीला माल मिळाला नाही तर तो खर्च जातानाच्याच भाड्यात धरला जातो. म्हणजे रिकाम्या गाडीचे पैसे शेवटी शेतकऱ्याच्याच पट्टीतून जातात.

कानावर पडणारे शब्द

खेप: मालाची एक फेरी.
रिटर्न भाडं: परत येताना मिळालेला माल आणि त्याचे पैसे.
खाली गाडी: माल नसलेली गाडी. अमेरिकेतले ट्रकवाले अशा रिकाम्या फेरीला 'डेडहेड' म्हणतात.
पासिंग: गाडीला किती वजन भरायची परवानगी आहे ते.
हॉल्टिंग: माल उतरायला उशीर झाला, गाडी अडकून पडली तर द्यावे लागणारे जादा पैसे.
बिल्टी: माल कुणाचा, किती, कुठे चालला याची ट्रान्सपोर्टची पावती.

हिशोब असा

समजा बाजार 200 किमीवर आहे आणि माल 100 क्विंटल. भरलेली गाडी लिटरला 4 किमी देते, रिकामी 5 किमी. डिझेल 90 रुपये धरू.

जाताना: 50 लिटर, 4,500 रुपये.
रिकामी येताना: 40 लिटर, 3,600 रुपये.

परतीचं भाडं मिळालं तर क्विंटलमागे डिझेल 45 रुपये, नाहीतर 81 रुपये. वर टोल आहेच. टोल गाडीच्या प्रकारावर लागतो, माल आहे की नाही यावर नाही. ड्रायव्हरचा भत्ता, टायरची झीज, बँकेचा हप्ता यातलं काहीच थांबत नाही.

हा तोटा भरून काढायला काही जण पासिंगपेक्षा जास्त माल भरतात. पण 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये आहेत. एकदा पकडलं की अनेक खेपांची कमाई गेली.

शेतकऱ्याने काय करावं?

- गावात, तालुक्याला खत, सिमेंट, किराणा उतरवून परत चाललेली बाहेरची गाडी आधी विचारा. तिला तसंही रिकामं जायचं असतं, त्यामुळे भाडं कमी होऊ शकतं. मात्र ती फार थांबत नाही, गोण्या भरून तयार हव्यात.
- माल थोडा असेल तर दोघा-तिघांनी मिळून एक गाडी भरा.
- टोल, हमाली, हॉल्टिंग कुणाकडे, हे गाडी भरायच्या आधीच बोलून घ्या.
- बिल्टी घेतल्याशिवाय गाडी सोडू नका.