दाताचा हिशेब, देहाचा हिशेब

'दाताला कीड लागली' असे आपण आजही म्हणतो. या शब्दांत एक जुना सिद्धांत दडला आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात काळे छिद्र पडलेल्या, हलणाऱ्या, ठणकणाऱ्या दाताला 'कृमिदंतक' म्हटले आहे. स्थूलतेचा विचार मात्र वेगळा झाला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूलतेची कारणे म्हणून जड, गोड, स्निग्ध आहार, दिवसाची झोप आणि व्यायामाचा अभाव ही सांगितली आहेत. देहाच्या वाढीमागे आहार आणि दातामागे कृमी, अशी ही विभागणी होती.

दातातील कृमीची समजूत युरोपातही होती. पॅरिसचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८च्या आपल्या ग्रंथात ती नाकारली आणि गोड पदार्थांकडे बोट दाखवले. पुढे बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन संशोधक डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९०मध्ये कार्यकारण मांडले. तोंडातील जंतू साखर व पिष्ट पदार्थ आंबवतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते दाताचा कठीण थर विरघळवते. आता दोन्ही दोषांच्या मुळाशी आहारच आला. मग लठ्ठ माणसाचे दात अधिक किडायला हवेत, असे कोणालाही वाटेल.

येथे स्वीडनमधील लुंडजवळच्या विपेहोम संस्थेतील प्रयोग महत्त्वाचा ठरतो. १९४७पासून काही वर्षे तेथील मतिमंद प्रौढ रहिवाशांना वेगवेगळ्या प्रकारे साखर देण्यात आली. १९५४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ४३६ जणांची निरीक्षणे होती. जेवणाबरोबर भरपूर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. पण दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात झपाट्याने किडले. टॉफी बंद होताच किडण्याचा वेग उतरला. 'मुलांना गोळ्या-चॉकलेट फक्त शनिवारी' ही स्वीडिश रीत याच निष्कर्षातून रुजली.

याचा अर्थ असा की दात वेळा मोजतो, देह प्रमाण मोजतो. सणाच्या पंगतीत सहा जिलब्या एकदम खाणे आणि तेवढीच साखर दिवसभर घोटाघोटाने चहातून घेणे, हे वजनाच्या दृष्टीने जवळपास सारखे; दातांच्या दृष्टीने मुळीच नाही. तुपातले, तळणातले उष्मांक वजन वाढवतात, पण जंतूंना त्यातून आम्ल करता येत नाही.

मोजपट्ट्याही निराळ्या आहेत. उंची-वजनाचे गुणोत्तर बेल्जियमचे केतले यांनी १८३२मध्ये मांडले. अँसेल कीज यांनी १९७२मध्ये त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. ते आजचे वजन सांगते. दातांसाठी १९३८पासून रूढ झालेली मोजणी किडलेले, काढलेले आणि भरलेले असे सर्व दात एकत्र धरते. विशीत भरलेला दात पन्नाशीतही त्यात येतो. त्यात गरिबी, तंबाखू आणि दवाखान्याचे अंतर यांची भर पडते. म्हणूनच प्रौढांवरील अभ्यासांत कधी संबंध दिसतो, कधी दिसत नाही. चरबी दात किडवत नाही. दोन्हींना जोडणारा धागा साखरेचा आहे.

तो धागा धोरणात यायला वेळ लागला. २००३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साखरेवर दहा टक्क्यांची मर्यादा सुचवली, तेव्हा अमेरिकेच्या साखर उद्योगाच्या संघटनेने तिचा अमेरिकी निधी रोखण्यासाठी प्रयत्न करण्याची धमकी दिली. २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र वजनवाढ आणि दंतक्षय हे दोन्ही पुरावे शेजारी ठेवून तीच मर्यादा ठामपणे सांगितली गेली. २००० उष्मांकांच्या आहारात ती सुमारे ५० ग्रॅम होते. ती निम्म्यावर आणावी ही पुढची सूचना मुख्यतः दातांच्या पुराव्यावर उभी आहे.

तेव्हा स्थूल माणूस दिसला की त्याच्या दातांचा अंदाज बांधू नये आणि सडपातळ माणसाने निर्धास्त राहू नये. किती खाल्ले याइतकेच किती वेळा खाल्ले हेही पाहावे. ही साधी गोष्ट शिकण्यासाठी विपेहोमच्या माणसांनी आपले दात गमावले. प्रयोगापूर्वी त्यांची संमती कोणी विचारली नव्हती.