हवेतील अदृश्य भोवरे

गलबत पुढे निघून गेले, तरी त्याच्यामागे पाणी काही काळ घुसळत राहते आणि जवळच्या लहान होडीला हेलकावे बसतात. आकाशयानेही हवेत अशीच खळबळ मागे ठेवतात. मात्र ती डोळ्यांना दिसत नाही. तिचे ज्ञान माणसाला पुष्कळ आधी झाले, परंतु त्या ज्ञानाचा नियम होण्यास फार काळ लागला.

विमानाच्या पंखाखाली हवेचा दाब अधिक आणि वर कमी असतो. म्हणून पंखांच्या टोकांशी हवा खालून वर वळते आणि दोन भोवरे मागे पडत जातात. इंग्रज अभियंता लँचेस्टर याने १९०७ साली त्यांचे वर्णन केले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीत प्रांटल याने त्यांचे गणित मांडले. पुढे १९२३ साली स्पेनमध्ये सिएर्व्हाचे फिरत्या पात्यांचे ऑटोजायरो उडाले. पुढे सरकणारे पात्यांचे चक्र म्हणजे त्याच्या व्यासाइतका लांब पंखच, असे मानून ग्लॉअर्ट याने १९२६ साली त्याचा सिद्धांत रचला. सिकॉर्स्कीचे हेलिकॉप्टर जमिनीवरून उठले, ते त्यानंतर तेरा वर्षांनी!

तथापि वैमानिक दीर्घकाळ या धक्क्यांचा दोष पुढच्या विमानाच्या पंख्याच्या झोतालाच देत राहिले. १९७२ च्या मे महिन्यात अमेरिकेतील फोर्ट वर्थ येथे डीसी-१० च्या मागोमाग उतरणारे डीसी-९ विमान भोवऱ्यात सापडून कोसळले. त्यातील चौघेही दगावले. मग दोन विमानांतील अंतराचे नियम कडक झाले.

हे नियम मुख्यतः वजनावर बेतलेले. परंतु यान जितके संथ, तितका भोवरा बलवान. म्हणून संथ जाणारे हेलिकॉप्टर वजनाच्या मानाने अधिक धोक्याचे ठरते. ते जागच्या जागी तरंगत असेल, तर पात्यांचा झोत जमिनीवर आदळून चहूकडे पसरतो. म्हणून पात्यांच्या चक्राच्या व्यासाच्या तिप्पट अंतर राखावे, असे अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याचे लहान विमानांना सांगणे आहे. सोळा मीटर व्यासाच्या चक्रासाठी हे अंतर सुमारे पन्नास मीटर होते.

उतरताना लहान विमान उलटले, तर ते सावरण्याइतकी उंचीच वैमानिकाजवळ नसते. म्हणून हेलिकॉप्टर नजरेआड झाल्यावरही तो थोडा वेळ थांबतो. न दिसणाऱ्या गोष्टीचा हा मान राखण्यातच त्याचे शहाणपण आहे.