मधल्या माणसाचा भरवसा

अमळनेरच्या बाजारात धान्य विकायला आलेल्या शेतकऱ्याची गाठ आधी अडत्याशी पडते. दोन्ही बाजूंचा हिशेब अडत्याच्या वहीत असतो. इंटरनेटवर हेच काम प्रॉक्सी सर्व्हर करतो.

१९९४च्या सुमारास सर्न प्रयोगशाळेच्या वेब सर्व्हरमध्ये ही सोय आली, तेव्हा हेतू साधा होता: फायरवॉलमागच्या संगणकांना बाहेरचं वेब दिसावं आणि एकदा आणलेलं पान साठवून पुन्हा देता यावं. पुढे ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ आले. ते वेबसाइटच्या दारात उभे राहून गर्दी झेलतात. एकेका कंपनीच्या वहीत लाखो साइट्सचा हिशेब जमा झाला.

फेब्रुवारी २०१७मध्ये गूगलचे संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांना क्लाउडफ्लेअरच्या प्रॉक्सीतून भलतीच माहिती सांडताना दिसली. चूक एका चिन्हाची होती. पान वाचणारा प्रोग्राम ‘शेवटाला पोहोचलो का?’ एवढंच तपासत होता. ‘शेवट ओलांडला का?’ हे नाही. शेवट हुकला की तो मेमरीत पुढे वाचतच जाई. मग एका साइटच्या पानात दुसऱ्याच साइटवरचे खासगी संदेश आणि लॉगिनच्या कुकीज मिसळत. अशी काही पानं सर्च इंजिनांनी साठवूनही ठेवली होती.

मधली जागा चोराच्या हाती गेली तर काय होतं, हे पुढच्याच वर्षी पुण्यात दिसलं. एटीएम पैसे देण्याआधी बँकेच्या ‘स्विच’ला विचारतं. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेत चोरांनी मालवेअर घुसवून खोटा ‘प्रॉक्सी स्विच’ उभा केला. हा वेब प्रॉक्सी नव्हता, पण जागा तीच. पैसे द्यायचे का, हा प्रश्न बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचेचना. खोटा स्विच परस्पर ‘द्या’ म्हणत राहिला. ११ ऑगस्ट २०१८च्या शनिवारी बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. १३ तारखेला १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगला गेले. एकूण चोरी ९४.४२ कोटींची. तिजोरीला कुणी हातही लावला नव्हता.

आज तुमच्या फोनवर पत्त्याशेजारी कुलूप दिसतं, तेव्हा वाट सुरक्षित असल्याची खूण मिळते. पण मध्ये रिव्हर्स प्रॉक्सी असेल तर ते कुलूप त्याच्या दारापर्यंतचं. तिथे ते उघडतं, पासवर्ड वाचता येतो, मग पुढे जातो. म्हणून अशा प्रॉक्सीतली एक चूक त्याच्यामागच्या सगळ्या साइट्सची चूक ठरते, आणि तो मधला माणूस कोण हे आपल्याला कुणी सांगितलेलंही नसतं.