मुरानोची तप्त काच

व्हेनिस शहराच्या उत्तरेस, त्याच खाजणात वसलेल्या मुरानो बेटाचा इतिहास म्हणजे काचेच्या एका हुनराचा इतिहास होय. १२९१ साली व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने, आगीच्या भयाने, शहरातील काचेच्या भट्ट्या हलविण्याचे फर्मान काढले. आणि त्या मुरानोवर एकवटल्यावर त्यांच्यावर पहारा ठेवणेही राज्यकर्त्यांना सुलभ झाले. परमुलखात जाऊन काच करणाऱ्या कारागिरास शिक्षेचे भय होते, तर बेटावर राहणाऱ्यास असा मान होता की, त्याच्या कन्येशी एखाद्या उमरावाने विवाह केला तरी संततीचे उमरावपद शाबूत राहत असे. धाक आणि मरातब यांच्या या दुहेरी बंदोबस्तात ही विद्या कित्येक पिढ्या वाढली.

तिचे मर्म काचेच्या प्रकृतीत होते. पंधराव्या शतकाच्या मध्यास आंजेलो बारोव्हिएर याच्या नावाशी निगडित झालेली मुरानोची नितळ काच, नदीपात्रातील पांढरी गारगोटी आणि पूर्व भूमध्य किनाऱ्यावरून येणाऱ्या वनस्पतींची क्षारयुक्त राख यांपासून बनत असे. या राखेतील सोड्यामुळे ती काच भट्टीबाहेर काढल्यावरही बराच वेळ मऊ राही. म्हणून बोहेमियाच्या कारागिरांनी आपल्या पोटॅशच्या काचेवर चाकाने कोरीव काम केले, तर मुरानोच्या कारागिरांनी तप्त काचच ओढून, चिमटून, वळवून तिला रूप दिले. सतराव्या शतकातील पेल्यांच्या दांड्यांवर वेटोळे घातलेले सर्प आणि पंख पसरलेले विलक्षण प्राणी दिसतात, ते याच मार्दवाचे अपत्य होय.

आजही त्या बेटावर काचेचा घोडा घडताना पाहणे हा अपूर्व अनुभव असतो. भट्टीतून लोखंडी सळईवर उचललेला, गुऱ्हाळातील पाकासारखा ओघळू पाहणारा लालभडक गोळा उस्ताद अखंड फिरवीत राहतो, कारण क्षणभर सळई थांबली तरी काच एका अंगाला झुकते. मग चिमट्याच्या एका ओढीने मान निघते, दोन हलक्या चिमट्यांनी कान उभे राहतात, आयाळ दाबली जाते, पाय एकेक करून लांबविले जातात आणि शेपटी वर वळते. हे सारे काच कडक होण्यापूर्वी, अवघ्या काही मिनिटांत आटोपावे लागते. मातीत चुकलेली रेघ पुसता येते, तशी मुभा येथे नाही. मूर्ती पूर्ण झाली तरी ती तशीच थंड होऊ दिल्यास पृष्ठभाग आधी निवून अंतर्भागाशी ताण उत्पन्न होतो आणि ती तडकते. म्हणून सुमारे ५०० अंश सेल्सियस उष्णतेच्या वेगळ्या भट्टीत ठेवून तिला हळूहळू निववावे लागते. भरीव मूर्ती जितकी जाड, तितका हा अवधी अधिक.

तथापि शिक्षेच्या धाकाने ही विद्या बेटावर कोंडून राहिली नाही. कारागीर पळाले, अँटवर्प आणि लंडन येथे त्यांच्या धर्तीची काच होऊ लागली, आणि १५७५ साली याकोपो व्हेर्झेलिनी यास इंग्लंडच्या राणी एलिझाबेथकडून त्यासाठी एकवीस वर्षांची सनदही मिळाली. पुढे इंग्लंडची शिसेयुक्त काच आणि बोहेमियाची कोरीव काच यांनी बाजारपेठ काबीज केली. १७९७ साली प्रजासत्ताक बुडाले, त्यामागोमाग कारागिरांचे संघही मोडले, आणि बेटावरील भट्ट्या विझू लागल्या. या अवनतीतून वर काढणारा पुरुष म्हणजे धर्मोपदेशक व्हिन्चेन्झो झानेत्ती. त्याने १८६१ साली जुन्या काचवस्तूंचे व दस्तऐवजांचे संग्रहालय उभारले आणि पुढच्याच वर्षी कारागिरांसाठी चित्रकलेची शाळा काढली. लपविलेली विद्या शिकविण्याजोगी झाली ती येथपासून.

विसाव्या शतकात शिल्पकार नापोलेओने मार्तिनुत्सी आणि पुढे उस्ताद आल्फ्रेदो बार्बिनी यांनी भरीव काचेच्या मूर्तीला पेल्याच्या दांड्यावरून उतरवून स्वतंत्र शिल्पाचा दर्जा दिला. १९६२ साली अमेरिकेत टोलेडोच्या कलासंग्रहालयात हार्वे लिटल्टन यांनी भरविलेल्या कार्यशाळेतून, कारखान्यावाचून स्वतःच्या कलाशाळेतही काच घडविता येते, हे सिद्ध झाले. या वाटेने आलेल्या नवशिक्यांपाशी उत्साह होता, पण हातांना वळण नव्हते. ते देण्यासाठी १९७९ साली लिनो ताल्यापिएत्रा हे मुरानोचे उस्ताद वॉशिंग्टन राज्यातील पिलचक येथील शाळेत गेले, आणि त्यांच्यानंतर मूर्तिकार पिनो सिन्योरेत्तो. गुपिते परक्यांना दिल्याबद्दल ताल्यापिएत्रा यांना स्वग्रामी दूषणे सोसावी लागली. ज्यांचे पोट त्या गुपितांवर चालत होते, त्यांचा रोष समजण्याजोगा आहे. परंतु मुरानोच्या चिमट्याची करामत आज जगभरच्या कलाशाळांत जिवंत आहे ती अशा गुरूंमुळेच, हे नाकारता येत नाही.

आपल्याकडेही अनेक हुनर एकेका घराण्याच्या चार भिंतींत अखेरचे श्वास मोजीत आहेत. त्या घराण्यांनी घराबाहेरचे शिष्य पत्करावेत, आणि समाजाने त्या शिक्षणाचा व गुरूच्या निर्वाहाचा भार उचलावा, एवढीच विनंती आहे.